आधी वही दाखवा, वेबसाइटचं मग बघू

"वेबसाइट करून द्या" म्हणून फोन आला की मी आधी वही मागते. प्लंबर असो, इलेक्ट्रिशियन असो, फर्निचरची कामं घेणारा असो की एसी दुरुस्तीवाला, वही प्रत्येकाकडे असतेच. कुणाची जाडजूड डायरी, कुणाची खिशातली स्पायरल, कुणाचं व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेल्या मेसेजचं भेंडोळं. तो धंदा आज ज्या सॉफ्टवेअरवर चालतो ते हेच. मला त्यातला मजकूर तर बघायचा असतोच, पण जास्त बघायचं असतं ते काय खोडलंय, कुठल्या आकड्याला गोल केलाय आणि समासात बाण काढून काय जोडलंय.

गोल केलेला आकडा बहुधा येणं बाकी असतो. बाण म्हणजे कोटेशनमध्ये नसलेलं, साइटवर गेल्यावर निघालेलं काम. लहान कारागिरीच्या धंद्यात पैसा गळतो तो त्या बाणापाशी, असं माझं ठाम मत झालंय. पाइप बदलताना व्हॉल्व्हही गेलेला निघतो, घरमालक म्हणतो "आता आलाच आहात तर तेवढं करून टाका", आपलं कामावरचं पोरगं करून टाकतं, आणि महिनाअखेरीला बिल करताना ते कुणाच्या लक्षात नसतं. किंवा आपल्या लक्षात असतं आणि घरमालकाच्या नसतं, जे जास्त वाईट. म्हणून मी काहीही बांधायला घेतलं की एकच प्रश्न समोर ठेवते: हा बाण बिलापर्यंत पोहोचतो का?

वेबसाइटचं आधी उरकून टाकते, कारण तो भाग खरंच छोटा आहे. रात्री नळ फुटलेला माणूस "आमच्याविषयी" वाचत बसत नाही, नंबर शोधतो. नंबर सगळ्यात वर हवा आणि दाबला की फोन लागायला हवा. हे वेगळं सांगायची वेळ येऊ नये, पण चित्रात छापलेला नंबर अजूनही सर्रास दिसतो. तो दाबून काही होत नाही, कागदावर उतरवून घ्यावा लागतो. नंबराखाली कुठली कामं करता, कुठली करत नाही, कुठल्या भागात येता, फोन किती वाजेपर्यंत उचलता. "करत नाही" ही यादी मालकांच्या जिवावर येते, पण फुकटचे फोन तिच्यामुळेच कमी होतात. फोटो स्वतःच्या कामाचे. पिवळं हेल्मेट घातलेला विकतचा हसरा माणूस नको. सर्च इंजिनसाठी स्कीमा डॉट ऑर्गच्या पद्धतीने (धंद्याची माहिती मशीनला कळेल अशी लिहायची ठरलेली रीत) माहिती भरायची. तिथे प्लंबर, इलेक्ट्रिशियन, रंगकाम करणारा, कुलूपवाला, छतवाला असे वेगवेगळे प्रकार तयारच आहेत, तेव्हा "स्थानिक व्यवसाय" असं मोघम सोडायचं कारण नाही. आणि पान हलकं ठेवायचं. पानातला मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसला तर गूगलच्या मोजमापात ते पान चांगलं ठरतं. सरकती चित्रं आणि चॅटची खिडकी काढून टाकली की साध्या पानाला एवढं सहज जमतं.

डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, मात्र मालकाच्याच नावावर आणि मालकाच्याच ईमेलवर. यात मी तडजोड करत नाही. माझ्याकडे आलेल्या एका फॅब्रिकेटरचं डोमेन आधीच्या वेबसाइटवाल्याने स्वतःच्या नावावर घेतलं होतं. त्याने धंदा बंद केला, फोन बंद झाला, मुदत संपली. डॉट कॉम रद्द झालं तरी पुढचे ३० दिवस ते सोडवून घेता येतं, पण ते ज्याच्या नावावर आहे त्यालाच, आणि तो तर सापडत नव्हता. गाडीच्या दोन्ही बाजूंना तो पत्ता ऑइलपेंटने रंगवलेला. शेवटी रंगारी बोलवावा लागला. त्याच डोमेनवरून कोटेशनचे ईमेल जाणार असतील तर एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदीही (ईमेल खरंच त्या डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या) त्याच दिवशी करून टाकायच्या. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे यातली किमान एक असावी लागते. नाहीतर कोटेशन स्पॅममध्ये पडतं आणि मालक समजतो गिऱ्हाईक महाग म्हणून गेलं.

आता खरं काम.

अशा धंद्यासाठी सॉफ्टवेअर बांधायला बसलेला नवखा प्रोग्रामर डेटाबेसमध्ये दोन टेबलं, म्हणजे माहितीचे तक्ते, काढतो: ग्राहक आणि बिल. मधे "काम" नसतं. आणि "काम" काढलं तरी त्याखाली "फेरी" नसते. एका कामाला चार फेऱ्या होतात: पाहणीची, मुख्य कामाची, राहिलेल्या किरकोळ कामाची, आणि तक्रारीची. तक्रारीच्या फेरीचे पैसे मिळत नाहीत, पण गाडी जाते, पोरगं जातं, अर्धा दिवस जातो. फेऱ्या वेगळ्या लिहिल्या नाहीत तर "हे काम परवडलं का?" या प्रश्नाला कधीच उत्तर मिळत नाही. बिल मोठं दिसतं, मालक खूश असतो, आणि हातात काही उरत नाही. म्हणून माल, मजुरी, फोटो, वाढीव काम, सगळं फेरीला जोडलेलं. बिल कामाचं होतं, पण नोंद फेरीची.

वाढीव कामाचा स्क्रीन मी जितका साधा ठेवते तितका दुसरा कुठलाच नाही. वर कामाचं नाव आणि पत्ता. खाली तीन मोठी बटणं: फोटो, काय केलं, किती. "काय केलं" मध्ये टाइप करायचं नाही, त्या धंद्यात नेहमी निघणारी वीस-पंचवीस वाढीव कामं यादीत असतात आणि ती मी वहीतूनच उचलते. दर आपोआप येतो. मग ग्राहकाच्या फोनवर मेसेज जातो: काम, रक्कम, फोटो, आणि "मंजूर" असं बटण. त्याने दाबलं की वेळ, मजकूर आणि रक्कम तिथेच गोठते. ग्राहक शेजारी उभा असेल तर कारागिराच्याच फोनवर दाबतो, आणि मेसेजची प्रत त्याला जाते ती जातेच. बोटाने केलेली सही सगळे मालक मागतात. मी देते, पण तिच्यावर माझा भरवसा नाही. कोळी चालून गेल्यासारखी ती रेघ उद्या कुणाचीही म्हणता येते. ग्राहकाच्या स्वतःच्या फोनमध्ये पडलेला फोटोसकटचा मेसेज नाकारणं जास्त अवघड.

एका मालकाला हे पटेना. "मॅडम, लोकांना वाटेल आम्ही मोजून पैसे काढतो."

"काका, मोजूनच काढायचे असतात."

त्यांची खरी भीती वेगळी होती. विचारलं तर ग्राहक नाही म्हणेल. काही म्हणतात. मग ते काम करायचं नाही, हाही फायदाच आहे, कारण आधी तेच काम फुकटात होत होतं.

हा स्क्रीन ऑफिसात बसून बघायला सुंदर असून चालत नाही. कारागिराचा हात ओला असतो, सिमेंटचा असतो, हातमोज्यात असतो, आणि आजकालच्या स्क्रीनना बोटाची विद्युत्धारकता लागते. पाण्याचा थेंब पडला की त्या भलतंच काही दाबतात. बटणाची उंची ॲपल ४४ पॉइंट सांगतं, अँड्रॉइड ४८ डीपी (दोन्ही स्क्रीनवरची मापं). मी याच्या सव्वा-दीडपट ठेवते आणि दोन बटणांमध्ये जागा सोडते. फिकट राखाडी अक्षरं डिझायनरांना आवडतात, पण गच्चीवर उन्हात ती दिसत नाहीत.

आणि नेटवर्क. तळघरात, पंपरूममध्ये, लिफ्टच्या खड्ड्यात सिग्नल नसतोच, आणि वाढीव काम नेमकं तिथेच निघतं. म्हणून प्रत्येक नोंद आधी फोनमध्ये साठते आणि मग सर्व्हरला जाते. ऐकायला सोपं आहे, पण यात दोन-तीन खाचा आहेत. पहिली: सिग्नल अर्धवट असला की नोंद सर्व्हरला पोहोचते पण "मिळाली" हा निरोप परत येत नाही. फोन तीच नोंद पुन्हा पाठवतो आणि बिलात एकाच जागी दोन व्हॉल्व्ह लागतात. यावर उपाय म्हणजे नोंदीचा क्रमांक सर्व्हरने न देता फोनने द्यायचा, लांबलचक यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या नोंदीला सहसा येणारच नाही असा क्रमांक. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला की सर्व्हर "मिळाली" म्हणतो आणि गप्प बसतो. दुसरी खाच आयफोनची. सफारी वापरात असताना सात दिवस एखाद्या वेबसाइटला हात लावला नाही, तर तिने फोनमध्ये साठवलेला डेटा सफारी पुसून टाकते. २०२० पासून हे असंच आहे. होम स्क्रीनवर बसवलेल्या वेब ॲपला हा नियम लागत नाही, त्यामुळे प्रत्येक पोराच्या फोनवर ते मी स्वतः बसवून देते. ॲप बंद असताना मागच्या मागे नोंदी पाठवण्याची सोयही सफारीत नाही. म्हणून वर कोपऱ्यात ठळक आकडा: "३ नोंदी जायच्या आहेत". तो शून्य झाल्याशिवाय घरी जायचं नाही, हा नियम मालकाने लावायचा. तो माझ्या अखत्यारीत येत नाही.

तिसरी खाच म्हणजे दोघांनी एकच ओळ बदलणं. इथे मी हुशारी करत नाही. कारागीर फक्त नवी ओळ घालू शकतो, जुनी बदलू शकत नाही. चुकलं तर रद्दची ओळ घाला आणि पुन्हा लिहा. वहीतही तेच करतात, पान फाडत नाहीत.

फोटोंचं थोडं सांगायला हवं. आजच्या फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो दोन-चार एमबीचा होतो. गळक्या सांध्याचा पुरावा म्हणून एवढा नको. मी तो फोनवरच लांब बाजूने १६०० पिक्सेलवर आणते, मग तो काहीशे केबीत बसतो. आयफोन २०१७ पासून फोटो एचईआयसी प्रकारात ठेवतो, तो आधी जेपीईजी करून घ्यायचा, कारण बरेच ब्राउझर एचईआयसी उघडत नाहीत. आकार बदलताना फोटोच्या पोटातली एक्झिफ माहिती गळून पडते. त्यात फोटो काढल्याची वेळ असते, ती आपल्याला हवीय, म्हणून आधी वाचून नोंदीत वेगळी ठेवायची. पण त्यातच जागेचे अक्षांश-रेखांशही असू शकतात, आणि ते गळलेलेच बरे. "आमची कामे" म्हणून वेबसाइटवर चढवलेल्या फोटोतून ग्राहकाच्या घराचा नेमका पत्ता जगाला देणारे लोक आहेत, आणि त्यांना ते माहीतही नसतं.

सगळ्यात जास्त वेळ मात्र यातल्या कशालाच लागत नाही. तो लागतो मालाच्या हिशोबाला.

पाइप दुकानातून तीन मीटरच्या लांबीत येतो. कारागीर सांगतो "साडेआठ फूट लागला". बिलात मालकाला रनिंग फूट हवेत, खरेदीच्या पावतीत नग आहेत. एक फूट म्हणजे बरोबर ०.३०४८ मीटर, तेवढं गणित कुणीही करेल. मी सगळं मिलिमीटरमध्ये साठवते आणि ज्याने ज्या मापात सांगितलं त्याच मापात त्याला दाखवते. पण प्रश्न गणिताचा नसतोच. एका प्लंबिंगच्या मालकांना मी विचारलं, "अडीच मीटर लागला तर बिल अडीचचं की तीनचं?" मालक म्हणाले तीनचं, उरलेला तुकडा काय डोक्यावर घेऊन फिरू? त्यांचा मुलगा म्हणाला अडीचचं, नाहीतर ग्राहक वाद घालतो. जुना मिस्त्री दारात उभा होता, त्याला विचारलं तर म्हणाला, "अर्ध्या इंची पाइपचा तुकडा गाडीत टाकतो, कुठे ना कुठे लागतो. चार इंचीचा कोण ठेवतो?"

खरा नियम मिस्त्रीच्या तोंडून आला. वर्षानुवर्षं धंदा त्याच नियमावर चाललाय आणि तो कुठेच लिहिलेला नाही. चहा दोनदा झाला तेव्हा ठरलं: एक इंचापर्यंतचा पाइप असेल आणि तुकडा एक मीटरहून मोठा असेल तर तो गाडीच्या साठ्यात परत, ग्राहकाला लागला तेवढाच. नाहीतर पूर्ण लांबी ग्राहकाच्या नावावर, आणि बिलात तसं स्पष्ट लिहायचं. कोडमध्ये या सगळ्याच्या पाच-सहा ओळी होतात. त्या ओळींसाठी मी पैसे घेते, स्क्रीनच्या रंगांसाठी नाही. टाइल्सवाल्याकडे गेलं की हेच पुन्हा, तिथे खोकं फोडलं की पूर्ण खोकं आणि तिरप्या मांडणीत तुकडे जास्त जातात. रंगकामवाल्याकडे डब्यात उरलेला रंग. प्रत्येकाचा नियम वेगळा, आणि प्रत्येकाला वाटतं की सगळ्या जगात असंच करतात.

तयार सॉफ्टवेअर अडतं ते इथेच. जॉबर, हाउसकॉल प्रो अशी या धंद्यांसाठीच बनवलेली सॉफ्टवेअरं आहेत, आणि वेळापत्रक, कोटेशन, बिल एवढंच हवं असेल तर मी सरळ सांगते, तसलं काहीतरी घ्या, माझे पैसे वाचवा. हिशोबाचं सॉफ्टवेअर तर मी बांधतच नाही, त्यात फाइल टाकायची सोय करून देते. कार्डाचे नंबर स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायचे नाहीत, पेमेंटवाल्याचं पान वापरायचं. आणि पोरांच्या फोनचा माग ठेवायचं मी करत नाही. मागणी नेहमी होते. माग सुरू केला की फोन गाडीत राहतो, आणि मग वाढीव कामाची नोंदही गाडीतच राहते.

बिलाच्या बाजूला तीन गोष्टी प्रोग्रामरांसाठी. दर कोटेशनच्या ओळीत कॉपी करून ठेवा, दरपत्रकाशी नुसता जोडू नका. एकच माहिती दोन ठिकाणी नको, असं आपल्याला शिकवलेलं असतं. इथे ते लागू करायचं नाही. दुसऱ्या कुणी बांधलेलं एक सॉफ्टवेअर माझ्याकडे दुरुस्तीला आलं होतं. त्यात तांब्याचा भाव वाढला म्हणून दर बदलला की जुनी मंजूर कोटेशनंही बदलायची, आणि ग्राहकाच्या हातात जुना कागद. दुसरं, बिलाचा क्रमांक. बऱ्याच देशांत तो सलग लागतो. पोस्टग्रेस डेटाबेसच्या सीक्वेन्सवर (आपोआप पुढचा आकडा देणारी सोय) तो टाकला तर डेटाबेसमधला व्यवहार मधेच फसला की आकडा वाया जातो, परत येत नाही, आणि १०४ नंतर एकदम १०६. हिशोब तपासणारा १०५ कुठे म्हणून विचारणार. त्यासाठी एका ओळीत मोजणी ठेवून, ती ओळ लॉक करून, त्याच व्यवहारात वाढवायची. थोडं हळू होतं, पण दिवसाला दहा बिलं करणाऱ्याला काय फरक पडतो? तिसरं, पैसे फ्लोटमध्ये, म्हणजे अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात, ठेवू नका (०.१ अधिक ०.२ म्हणजे ०.३०००००००००००००००४ येतं), आणि कर ओळीला लावून पूर्णांकित करायचा की बेरजेला, हे आधी विचारा. १०.२५ च्या तीन ओळींवर १० टक्के कर ओळीगणिक काढला तर ३.०९, बेरजेवर काढला तर ३.०८. एवढ्याशा फरकावरून अकाउंटंट बिल परत पाठवतो आणि दोष सॉफ्टवेअरला लागतो.

जुना एक्सेल आत घेणं हा स्वतंत्र वैताग. फोन नंबरांच्या सुरुवातीची शून्यं एक्सेलने खाल्लेली असतात, आणि एकच ग्राहक चार स्पेलिंगांनी चार वेळा असतो. ते मशीनवर सोडायचं नाही. यादी छापून मालकासमोर ठेवायची आणि पेन द्यायचं.

बाकी तंत्र मी मुद्दाम कंटाळवाणं ठेवते. एक सर्व्हर, एक डेटाबेस, रोज रात्री दुसऱ्या ठिकाणी बॅकअप, आणि अधूनमधून तो बॅकअप कोऱ्या मशीनवर चढवून एखादं जुनं बिल उघडतंय का ते बघायचं. कोड, पासवर्ड, डोमेन, सगळं मालकाच्या खात्यात. उद्या मी नसले किंवा आमचं पटलं नाही तर दुसऱ्याला ते पुढे नेता आलं पाहिजे. वर्षाच्या देखभालीचा करार पहिल्याच दिवशी बोलून घ्यायचा, कारण ब्राउझर बदलतात, फोन बदलतात, कराचे दर बदलतात, आणि "छोटासा बदल आहे" हे वाक्य शुक्रवारी संध्याकाळीच येतं.

त्या पाइपवाल्या काकांचं नवं काम सध्या हातात आहे. त्यांना कळायचंय की कुठल्या कंपनीच्या व्हॉल्व्हमुळे तक्रारीच्या फेऱ्या जास्त होतात. फेरी वेगळी लिहिलेली आहे, मालाच्या ओळीत कंपनीचं नाव आहे, कुठल्या कामावर परत जावं लागलं तेही आहे, तेव्हा यादी काढायला फार वेळ लागायचा नाही. काकांना ती कागदावर हवीय, मोठ्या अक्षरात. पुढच्या खरेदीच्या वेळी ती विक्रेत्यापुढे ठेवून भाव पाडायचा त्यांचा बेत आहे. मुलगा म्हणतो तो व्हॉल्व्हच घ्यायचा बंद करू. मिस्त्रीला अजून कुणी विचारलेलं नाही.